दाजींनी पुसलेला बिबट्या

माझ्या नावापुढे आज बी. एस्सी. ही अक्षरं लागतात ती दाजींमुळे, आणि ती लागता लागता राहणार होती तीही दाजींमुळेच. एकाच माणसाचे इतके उपकार आणि इतका ताप मी दुसऱ्या कुणाचा घेतलेला नाही. दाजींबद्दल एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो. या माणसानं जन्मात ज्या ज्या वस्तूला फडकं लावलं, ती ती वस्तू लखलखीत झाली आणि पुन्हा कधी चालली नाही. याला अपवाद एकच झाला. तो नेमका माझ्या वाट्याला आला.

दाजी म्हणजे माझ्या आत्याच्या नणंदेचे मालक. आत्याचे यजमान त्यांना रीतीप्रमाणे दाजी म्हणत. त्यांचं ऐकून आत्याची मुलं म्हणू लागली, मुलांचं ऐकून मी, आणि पुढं जुन्नरच्या पेठेतली निम्मी दुकानं. त्यांचे सख्खे धाकटे भाऊसुद्धा त्यांना दाजीच म्हणतात, हे मी या कानांनी ऐकलं आहे. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला आत डोंगरात. तिथून रोज कॉलेजला येणं जमण्यासारखं नव्हतं, आणि आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजला गेलेलंच नसल्यामुळं जायचं तर राहायचं कुठं, हा प्रश्नही कुणाला पडलेला नव्हता. आत्यानं तो दाजींच्या दारात नेऊन टाकला. दाजींनी माझ्याकडं, माझ्या पत्र्याच्या पेटीकडं आणि माझ्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाले, "पावणं, आधी पाय धुवा." त्यानंतर मी तीन वर्षं त्यांच्याकडं राहिलो, जेवलो, आजारी पडलो, पण त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत पावणंच राहिलो.

दाजींचं दुकान झेरॉक्सचं. त्याच्या जोडीला टायपिंग, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन अर्ज. दुकान एवढंसं, पण त्यात येताना चपला बाहेर काढाव्या लागत. घाईनं आधार कार्डाची प्रत काढायला आलेली माणसं चपला काढून, हात जोडल्यासारखी उभी राहत. एखाद्या कागदावर डाग दिसला तर दाजी तो तसाच मशीनवर ठेवत नसत. आधी खोडरबर घेत, मग ओला बोळा, मग ब्लेड. एका गृहस्थांच्या रेशनकार्डावरचा चहाचा डाग काढता काढता त्यांनी घरातला एक माणूस काढला होता. फोटोच्या बाबतीतही तेच. कॉम्प्युटरवर चेहऱ्यावरचे डाग काढता येतात हे कळल्यापासून त्यांनी पेठेतल्या कुणाच्याही गालावर तीळ म्हणून ठेवला नाही. एका गावच्या सरपंचांच्या नाकावरचा चांगला हरभऱ्याएवढा चामखीळ त्यांनी असा सफाईनं उडवला की तालुक्याच्या ऑफिसात त्या फोटोवर सरपंचांना कुणी ओळखलं नाही. सरपंच तावातावानं दुकानात आले. दाजी शांतपणे म्हणाले, "फोटो बरोबर हाय. तुमी चुकीचं हाय."

घरातलं घड्याळ त्यांनी रॉकेलनं आतून धुतलं होतं. ते भिंतीवर आरशासारखं चमकत होतं आणि कायम सव्वानऊ वाजवत होतं. आक्कांचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा, मिक्सर असाच गेला. इस्त्री गेली. बारावीपासून जपलेला माझा कॅल्क्युलेटर त्यांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यात बुडवून, दोरीवर चिमट्यानं वाळत घातलेला मी पाहिला. मोबाईल तर दिवेलागणीच्या आत रिकामा झालाच पाहिजे, असा त्यांचा दंडक. आलेले सगळे मेसेज ते न वाचता काढून टाकत. "वाचत बसलो तर साफ कवा करायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांना काही कळवायचं झालं तर लोक एक तर स्वतः येत, नाही तर चिठ्ठी पाठवत. कागदावर मात्र दाजींचा फार जीव. कागद ते जपून ठेवत. डाग काढून.

शेजारी चाचांचं दुकान होतं. चाचांचा पिढीजात धंदा भांड्यांना कल्हई लावण्याचा. पितळेची भांडी लोकांच्या घरातून गेली तसे ते कुकर आणि स्टोव्ह दुरुस्त करू लागले, पण भाता आणि कथलाचा तुकडा अजून जवळ बाळगून होते. दाजींवर त्यांचं बारीक लक्ष असे. दाजी फडकं हातात घेऊन उठले की चाचा आपल्या दुकानातून ओरडत, "आक्का, दाजी निघाले वो, जे काय चालू हाय ते आत घ्या." दोघं एकमेकांना दिवसातून निदान चार वेळा टाकून बोलत आणि चहा मात्र एकाच कपाचा बशीत अर्धा अर्धा करून पीत.

याच दुकानात मी पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला. हात धुऊन, पुसून, दोन्ही बाजूंनी दाजींना दाखवून. कॉलेजात एका मशीनवर चौघं बसत आणि आमच्यासारख्या डोंगरातल्यांच्या वाट्याला माऊस यायचाच नाही. दाजींनी दुकानाची एक किल्ली मला दिली आणि सांगितलं, "गिऱ्हाईक नसलं की मशीन तुमचं. गिऱ्हाईक आलं की माझं. आन चपला कायम भाईर." माझ्या सगळ्या शिक्षणाचा पाया या तीन वाक्यांवर उभा आहे.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्यांनी पुण्यातून तयार आणले. मला ते परवडणारंही नव्हतं आणि पटणारंही नव्हतं. आमच्या भागात उसातून बिबट्या फिरतो. संध्याकाळी शेळ्या आत घेताना आणि पोरं शाळेतून येताना सगळ्यांच्या जिवाला घोर. मी असा प्रोग्राम लिहायला घेतला की ज्याला बिबट्या दिसेल त्यानं एका नंबरवर मेसेज करायचा आणि त्या शिवारातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर सावध राहायचा निरोप जायचा. त्याला मी चांगलं भारदस्त नाव दिलं होतं. दाजी आणि त्यांच्यामुळं सगळी पेठ त्याला नुसतं "बिबट्या" म्हणत. "पावणं बिबट्या करत्यात," असं दाजी गिऱ्हाइकाला सांगत आणि गिऱ्हाईक माझ्याकडं जरा लांबूनच बघे.

दाजींना माझा इतका अभिमान होता की त्याचा मला त्रास होऊ लागला. कुणीही झेरॉक्सला आलं की दाजी त्याच्या पेन ड्राइव्हवर नाही तर मोबाईलच्या कार्डावर माझा बिबट्या घालून देत. ज्याच्याकडं यातलं काहीच नसे त्याला सीडी करून देत. त्या सीडीचं त्या माणसानं करायचं काय, हे त्यालाही माहीत नसे आणि दाजींनाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "दाजी, अजून तो अर्धवट आहे. असा कुणालाही देऊ नका." दाजी म्हणाले, "परसाद काय मोजून देत्यात व्हय? असू द्या लोकांच्या घरात. आपल्या पोरानं केलंय." मी त्यांचं पोर कधी झालो हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. 

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता. बाहेरून परीक्षक येणार होते. दाखवला नाही तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर आमच्या घरी दुसरं वर्ष मागायची सोय नव्हती. चुलत्यांच्या टोमॅटोच्या पिकअपवर माझी जागा आधीपासून धरून ठेवलेली होती. प्रोग्राम जवळजवळ पुरा झाला होता, म्हणून नवरात्रात चार दिवस मी घरी गेलो. जाताना एक प्रत दुकानाच्या कॉम्प्युटरवर होती आणि एक माझ्या पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह गावाकडच्या धुळीत नको म्हणून मी दाजींच्याच खणात ठेवला. आज कुणी विचारील की इंटरनेटवर का नाही ठेवली. दुकानातलं इंटरनेट दाजींच्या मोबाईलमधून यायचं, आणि दाजी फडकं घेऊन पेठेत गेले की तेही त्यांच्याबरोबर जायचं.

खंडेनवमीला दुपारी मी परत आलो. दुकान असं सजलं होतं की दिवाळी लवकर आली असं वाटावं. झेरॉक्स मशीनला झेंडूची माळ, लॅमिनेशनच्या मशीनला हळदकुंकू, कात्री, स्टेपलर, पंच, सगळे रांगेत पाटावर. चाचांनी दरवर्षीप्रमाणं आपली हातोडी आणि भात्याची नळीही त्याच पाटावर आणून ठेवली होती. हत्यार ते हत्यार, त्याची पूजा झाली पाहिजे, असं त्यांचं मत. मध्यभागी कॉम्प्युटर. आणि दाजींच्या चेहऱ्यावर असं समाधान की मला तिथंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

"पावणं, यंदा आतनं बी साफ केला," दाजी म्हणाले.

"आतून म्हणजे? पंख्याची धूळ काढली?"

"धूळ तर काढलीच. पर धूळ काढून आत सगळा पसारा तसाच ठिवायचा, आन वरनं देवीला फूल वाहायचं? देवीला काय कळत नाय व्हय? एकेक फाईल उघडून बघितली. उघडली ती ठिवली. नाय उघडली ती काढली."

"दाजी, सगळ्याच फाइली उघडण्यासाठी नसतात."

"आवो, काही तर मलाच इचारायला लागल्या, मला कशात उघडू म्हणून. जिला स्वतःलाच म्हाईत नाय ती कशात उघडायची, ती ठिवून काय करायची?"

मी विचारलं, कॉम्प्युटरनं काही सांगितलं नाही का? सांगितलं होतं. ही फाईल काढलीस तर मी चालू होणार नाही, असं त्यानं पुन्हा पुन्हा विनवलं होतं. "लई काकुळतीला आलं व्हतं," दाजी म्हणाले. "पर घरात रद्दी काढाय घेतली की तुमच्या आक्का बी असंच म्हणत्यात. ही नको, ती नको. ऐकत बसलं तर घर साफ व्हतंय का?"

फाईल गेली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला नाही. मग मी यायच्या आत सगळं ठीकठाक असावं म्हणून दाजींनी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं अर्ध्या तासात जुनं सगळं पुसून नवीन घालून दिलं. दाजींना तर आकाश ठेंगणं झालं. त्यांना एवढी स्वच्छता स्वतःच्या हातानं कधी साधली नव्हती. "बघा आता," म्हणाले. "कोरा करकरीत. एक फाईल दाखवा आत." मी शोधली. खरोखरच एकही नव्हती. मग मी खणातला पेन ड्राइव्ह मागितला. तो पाटावर होता, कात्रीच्या शेजारी, कपाळाला कुंकू लावून. पूजेला ठेवायचा तर रिकामा करूनच ठेवायला हवा, हे ओघानं आलंच.

  मी चपला न घालता बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत जाऊन दाजींना काय ते विचारलं. मग मला चाचांचा आवाज ऐकू आला. "दाजी, भांड्याला कल्हई लावताना मी भांड्याचं बूड काढून टाकत नाय."  तीन वर्षांत चाचांच्या बोलण्याला दाजींनी उत्तर दिलं नाही असं ते पहिल्यांदा झालं. थोड्या वेळानं ते माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले, पायरी न पुसता. म्हणाले, "वरीस जाईल?" मी म्हटलं, "जाईल."  मग एकदम म्हणाले, "पर मी तो वाटलाय की."

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं गाव एकमेकांकडं आपट्याची पानं घेऊन जातं, तसे आम्हीही निघालो. चाचांनी आपली स्कूटर दिली. किल्ली देताना म्हणाले, "सोन्यासारखी चालती. पुसू नका फक्त." दाजी मागं बसले, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. आमचा बेत सोपा होता. ज्याला ज्याला बिबट्या दिला त्याच्या घरी जायचं, सोनं द्यायचं आणि बिबट्या परत मागायचा.

पहिल्यांदा ओझरला गेलो. देवळाबाहेर दाजींचे एक पेढेवाले मित्र होते, त्यांच्या पेन ड्राइव्हवर दाजींनी स्वतः प्रोग्राम घातला होता. पेन ड्राइव्ह होता, पण त्यावर आता आरत्या होत्या. "बिबट्या व्हता की," पेढेवाले म्हणाले, "पर देवाच्या दारात बिबट्या कशाला, म्हणून काढला आन आरत्या भरल्या." दाजींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता दाजी त्यांना साफसफाईवरून काही बोलणार. पण ते नुसतं म्हणाले, "बरोबर केलं तुमी." पुढं एका मास्तरांकडं गेलो. मास्तरांनी मोबाईल बदलला होता आणि जुना मेव्हण्याला दिला होता. मेव्हण्यानं तो विहिरीत पाडला होता. आणखी एका घरी प्रत जशीच्या तशी होती, पण उघडली तर नुसता शॉर्टकट निघाला, वर नाव आणि आत काही नाही. दाजींनी घाईत तेवढंच दिलं होतं. जिथं जाऊ तिथं लोक पानं देत, चहा देत, बिबट्या मात्र कुणाकडं नव्हता. पिशवीतली पानं काही संपेनात. जेवढी द्यावी तेवढीच परत येत होती.

राजुरीच्या मळ्यात एका मावशींचं घर होतं. चारी बाजूंनी ऊस. तिथं सीडी दिल्याचं दाजींना पक्कं आठवत होतं, गणपतीच्या दिवसांत. आम्ही अंगणात स्कूटर लावली आणि मला समोरच सीडी दिसली. गोठ्याच्या दाराला, सुतळीनं बांधलेली, वाऱ्यावर फिरत होती आणि म्हशींच्या पाठीवर उजेडाचे तुकडे टाकत होती.

"सोनं घ्या, मावशी," दाजी म्हणाले.

"घेतलं. बसा. च्या टाकते."

"च्या राहू द्या. ती सीडी जरा पायजे व्हती."

"कुठली?"

"ती. दाराची."

मावशींनी पदर खोचला. "ती नाय मिळायची."

"आवो, पर आमचीच हाय ती."

"असू दे तुमची. ती लावायच्या आदी दोन शेरडं नेली व्हती. लावली तवापासनं फिरकला नाय. बिबट्याची हाय, असं तुमीच म्हणला व्हता."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी समजावून सांगायला गेलो की मावशी, ती सीडी नुसती टांगून काही होत नसतं, त्यात एक प्रोग्राम आहे आणि तो अजून अर्धवट आहे. मावशी म्हणाल्या, "अर्धवट असून एवढी चालती, मग राहू द्या की." यावर मला आमच्या अभ्यासक्रमातलं काही आठवेना. दाजींनी पिशवीतून एक दुसरी सीडी काढली. ती कुणाच्या तरी लग्नाची होती, नवी कोरी. "ही घ्या. हिच्यापेक्षा चकचकीत हाय."

"लग्नाला बिबट्या कशापायी भील?"

"मी तर अजून भितो," दाजी म्हणाले. पण मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या दोन शेळ्या खरोखरच गेल्या होत्या.

मग दाजी बाजेवरून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "मावशी," म्हणाले, "ह्या पोराच्या घरात कोण शिकलेलं नाय. ह्यो पहिला. उद्या त्याला कॉलेजात ह्येच दाखवायचंय, आन माझ्या हातानं त्याचं सगळं पुसलं गेलंय. दुसऱ्या कुणाच्या नाय, माझ्या. हिथं नाय मिळालं तर कुठंच नाय."

मावशींनी मला विचारलं, "कोणत्या गावचा तू?" मी सांगितलं. "कुणाचा?" तेही सांगितलं. त्यांनी एकदा उसाकडं पाहिलं. "न्या," म्हणाल्या. "पर दिवं लागायच्या आत परत दाराला लागली पायजे. आन तवर दार मोकळं नाय ठिवायचं मी. तुमी बसा हितं."

"मी?"

"तुमीच वाटली न्हवं?"

अशा रीतीनं सीडीच्या जागी दाजी बसले. मी सुतळी सोडली. सीडी हातात घेतली. धूळ, माशांचे डाग, कोळिष्टकाची तार, एका कडेला शेणाचा शिंतोडा. मी ती पाण्यानं धुवावी की कोरडीच न्यावी याचा विचार करत ती बाजेवर ठेवली आणि हात धुवायला हौदाकडं वळलो. मागं वळून पाहतो तर सीडी दाजींच्या हातात होती आणि दाजींनी खिशातला रुमाल काढला होता. मी ओरडणार होतो. पण दाजी नेहमीसारखे पुसत नव्हते. नेहमी ते घासत. आता ते आधी फुंकर घालत होते, मग मधून कडेकडं एकेक हलका हात फिरवत होते, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसा. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.  त्यांनी सीडी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सावकाश जा. गाडी चाचाची हाय."

जुन्नरला पोचलो तेव्हा चाचा दुकानाच्या दारातच होते. मी सीडी आत ढकलली. कॉम्प्युटर गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला.

"दाजीनं पुसली व्हती का?" चाचांनी विचारलं.

"हो."

"मग अवघड हाय," चाचा म्हणाले आणि स्टुलावर बसले.

प्रत उतरू लागली, पण स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा निम्म्यावर येऊन जो थांबला तो हलेना. मी स्क्रीनकडं बघत होतो, चाचा माझ्याकडं. मला टोमॅटोची पिकअप दिसत होती, तिचा मागचा फाळका, त्यावरची माझी जागा. मग आत काहीतरी टक्‌ असं वाजलं आणि आकडा पुढं सरकला, आणि मग सरकतच गेला. गणपतीपर्यंतचं सगळं लिहिलेलं माझ्यासमोर उघडलं. त्यानंतरचं नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात होतं. चाचा स्टुलावरून उठून स्क्रीनजवळ आले. मग म्हणाले, "ह्ये बाहेर कुणाला सांगू नको. उद्यापासनं दाजी सगळी पेठ पुसाय घेईल."

दिवेलागणीच्या आत मी सीडी परत नेली. दाजी गोठ्याच्या दारातच होते. गोठा मात्र ओळखू येत नव्हता. जमीन झाडून सारवल्यासारखी, दावणी रांगेत, म्हशी धुऊन काळ्याभोर चमकत उभ्या. मावशी ओट्यावरून बघत होत्या. "ह्ये पावणं तुमचं, लई खटपटी हायत," त्या मला म्हणाल्या, आणि लगेच घाबरून, "दूध देतील न्हवं म्हशी?" मी म्हटलं, देतील. सीडी दाजींनी स्वतः बांधली. सुतळीला दोन गाठी जास्त मारल्या.

परतताना बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. "चाललं?"

"चाललं."

"मी पुसलं तरी?"

"तुम्ही पुसलं म्हणून."

त्यावर ते जुन्नर येईपर्यंत काही बोलले नाहीत.

उरलेलं मी सकाळपर्यंत पुन्हा लिहिलं. सगळं जमलं नाही, पण दाखवण्यापुरतं जमलं. परीक्षकांनी प्रोग्राम चालवून पाहिला आणि शेवटी विचारलं, "याची दुसरी प्रत कुठं ठेवता?" मी जे खरं ते सांगितलं. राजुरीला, गोठ्याच्या दाराला. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी नकळत एक पाऊल मागं सरकलो. पण ते हसत होते, आणि मी पास झालो. त्या पदवीचा कागद दाजींनी लगोलग लॅमिनेट करून दिला. त्यात एक आपट्याचं पान अडकलं आहे. चुकून की मुद्दाम, हे मी विचारलेलं नाही.

आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. दाजींचं दुकान अजून उघडतं, पण गिऱ्हाईक थोडं. अर्ज लोक मोबाईलवरच भरतात, आणि चपलाही काढाव्या लागत नाहीत. परवा आक्कांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "घरातलं सगळं पुसत्यात, रे. फ्रीजसुदिक सोडला नाय. पर त्या कॉम्पुटरला त्या वर्षापासनं हात लावत नाय. खंडेनवमीला लांबनंच फूल टाकत्यात. ही एवढी धूळ बसलीय. मी म्हणलं, मी पुसू का, तर म्हणाले, नको, पावण्यांचं काय आत असंल तर."

फोन ठेवल्यावर मी कागद काढला. मेसेज पाठवला तर तो न वाचता जाणार, म्हणून पत्र लिहिलं. ते असं.

ती. दाजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आक्कांकडून सगळं कळलं. त्या दिवशी राजुरीहून येताना तुम्ही गप्प होतात. मला वाटलं, दमलात. मी तेव्हा लहान होतो, मला तेवढंच कळलं.

कंपनीत माझं काम काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं आणि मला नीट सांगता आलं नव्हतं. लोकांच्या हातून पुसलं गेलेलं परत आणून देणं, हे माझं काम आहे. इथं रोज कुणी ना कुणी काहीतरी पुसतं. मोठमोठी शिकलेली माणसं पुसतात, आणि मी नाही, त्यानं पुसलं, असं सांगतात. ते परत आणण्यासाठी सणाच्या दिवशी गोठ्याच्या दाराशी बसून राहिलेला माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

कॉम्प्युटरच्या आत माझं काही नाही. जे होतं ते मी बरोबर आणलं आहे.

यंदा खंडेनवमीला मी येतो आहे. चपला बाहेर काढीन, हात धुईन. चाचांनाही सांगून ठेवा. तुम्ही फडकं तयार ठेवा आणि तो कॉम्प्युटर आतून बाहेरून मनासारखा पुसून घ्या. बिनघोर पुसा, दाजी. प्रत माझ्याकडं आहे.

आपला,
पावणं